वाट कोणी दाखवली?



गेल्या रविवारी एका मंगलपरिणयासाठी साताऱ्याला निघालो होतो. सोबत शेजारचे कुटुंब होते. आजी, त्यांची नात आणि नातू. लग्नसराईचे दिवस, त्यामुळे स्वारगेटच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गाड्या डोळ्यांदेखत भरून गेल्या आणि आम्ही आपले पिशव्यांवर बसून राहिलो. नात स्पर्धा परीक्षेला बसली आहे. तिने तिथेच गाईड उघडले आणि "काका, विचारा मला" म्हणून माझ्या हातात दिले.

मी विचारू लागलो. अमेरिकेचा शोध कोणी लावला? कोलंबस, १४९२. अजिंठा लेण्यांचा शोध? जॉन स्मिथ, १८१९. पोरगी हुशार, फटाफट उत्तरे देत होती. आजी शेजारी चंची सोडून पान लावत होत्या. त्यांचा हात थांबला. आजींचे माहेर सोयगाव तालुक्यातले, फर्दापूरच्या बाजूचे.

"कोण म्हणालीस गं?"

"जॉन स्मिथ, आजी. इंग्रज अधिकारी होता."

"त्यानं शोधली? मग तवर काय हरवली व्हती का? आमच्या तिकडं डोंगरावर लेणापूर नावाचं गाव हाय. लोकांना लेणं ठावंच नव्हतं तर गावाला नाव कशावरनं पडलं?"

नात गप्प. मीही गप्प. आमच्या आजी शाळेत गेल्या नाहीत, पण असा प्रश्न टाकतात की शिकलेल्याने डोके खाजवावे.

नातू मात्र गप्प बसला नाही. हा मुलगा मार्केट यार्डात हिशेबाचे काम करतो, रविवारी लिपीच्या वर्गाला जातो आणि उरलेला वेळ मोबाईलवर घालवतो. तो म्हणाला, "काका, अजिंठ्याचं सोडा. अमेरिकासुद्धा कोलंबसनं नाही शोधली. एका बौद्ध भिक्खूनं शोधली. कोलंबसच्या हजार वर्षं आधी. हा बघा मेसेज." आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या. एक निवृत्त ड्रायव्हर अण्णा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "वा! हे आमच्या पुस्तकात का नाही?"

आता खरे सांगतो, वाचकहो, क्षणभर माझीही छाती फुगली. कोणाची फुगणार नाही? पण हे प्रकरण मी पूर्वी वाचलेले होते, तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसणे बरे वाटले नाही.

चीनच्या लियांग घराण्याच्या इतिहासात हुई शेन नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. इ.स. ४९९ मध्ये तो चीनला आला आणि पूर्वेकडच्या दूरच्या फुसांग नावाच्या देशाचे वर्णन त्याने सांगितले. तिथे काही भिक्खूंनी धम्म नेला होता, असेही त्यात आहे. पुढे १७६१ साली द गीन्य नावाच्या फ्रेंच पंडिताने फुसांग म्हणजेच अमेरिका असे मांडले. १८८५ साली व्हायनिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणजे नातवाचा मेसेज काही कालचा नाही, त्याला अडीचशे वर्षांहून अधिक वय आहे. पण त्याच हकिकतीत फुसांगच्या घोड्यांच्या गाड्यांचे वर्णन आहे, आणि त्या काळी अमेरिकेत घोडा नव्हता. घोडे तिथे नेले ते कोलंबसने, १४९३ च्या दुसऱ्या सफरीत. शिवाय अमेरिकेच्या मातीतून त्या भिक्खूंची म्हणून एकही वस्तू निघालेली नाही. फुसांग जपानच्या आसपासचा कुठला तरी मुलूख असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

"म्हणजे खोटं?" नातवाचा चेहरा उतरला.

"सिद्ध न झालेलं," मी म्हटले. "कालामांना तथागतांनी काय सांगितलं? ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. मग मोबाईलवर आहे म्हणून कसं मानायचं?"

अण्णा हसले. नातू हसला नाही. मला वाईट वाटले, कारण त्याची भूक खोटी नव्हती. शाळेतल्या पुस्तकात आपले नाव शोधत वाढलेले पोर. कोलंबसच्या जागी आपला माणूस बसला तर बरे, एवढेच त्याला वाटत होते. पण ती जागाच मला पटत नाही. १२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबस ज्या बेटावर उतरला, त्याला तिथले तायनो लोक ग्वानाहानी म्हणत. म्हणजे बेटाला नाव होते, किनाऱ्यावर माणसे होती. त्याने त्याचे नाव सान साल्व्हादोर ठेवले आणि आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोहोचलो असे समजून त्या माणसांना इंडियन केले. पुढच्या पन्नास वर्षांत लढाया, वेठबिगारी आणि गोऱ्यांबरोबर आलेले रोग यांनी तायनो जवळजवळ संपले. पुस्तकात याला 'शोध' म्हणतात. आपण कुठल्या बाजूचे? गलबतावरचे, की किनाऱ्यावरचे?

कोलंबसच्याही आधी पाचशे वर्षे उत्तर युरोपातले नॉर्स खलाशी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर उतरले होते. हे मात्र पक्के आहे. लान्स ओ मेडोज नावाच्या ठिकाणी त्यांच्या घरांचे पाये निघाले, आणि त्यांनी लोखंडी हत्याराने तोडलेले लाकूड इ.स. १०२१ चे असल्याचे २०२१ साली शास्त्रज्ञांनी काढले. ही जागा १९६० साली नॉर्वेच्या हेल्गे इंगस्टाड यांनी जगापुढे आणली, पुढची खोदाई त्यांच्या पत्नी ॲन स्टीन यांनी केली. पण इंगस्टाडना त्या उंचवट्यांपर्यंत नेले कोणी? जॉर्ज डेकर नावाच्या तिथल्याच गावकऱ्याने. आजींचा प्रश्न तिथेही लागू पडतो. आणि या सर्वांच्या कितीतरी आधी, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे चिखलात उमटलेली माणसांची पावले सापडली आहेत, २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीची. त्यांत लहान पोरांचीही आहेत. ती पोरे काही शोध लावायला निघाली नव्हती.

(जाता जाता एक गंमत. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले आणि ज्या विद्यापीठात शिकले त्याचे नाव कोलंबिया. हे नाव कोलंबसवरूनच आलेले.)

एवढ्यात तिसरी गाडी लागली, तीही फलटणची निघाली. आम्ही पुन्हा अजिंठ्यावर आलो.

हकीकत अशी. २८ एप्रिल १८१९. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या रानात आला. एका गुराखी पोराने त्याला वाट दाखवली असे सांगतात. समोरच्या कड्यात झाडोऱ्याआड दहाव्या लेण्याची कमान दिसली. साहेब आत गेला आणि काय केले? खांबावर रंगवलेल्या आकृतीवर आपले नाव आणि तारीख कोरली. आजही ते नाव माणसाच्या डोक्यावर दिसते, कारण तेव्हा लेण्यात भरपूर माती-दगड साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. आपल्या पोरांनी किल्ल्यावर नाव कोरले तर आपण रागावतो, आणि रागवायलाच हवे. साहेबाचे मात्र गाईडमध्ये छापून आले.

"आणि त्या गुराखी पोराचं नाव?" आजींनी विचारले.

नाही. त्याचे नाव कुठे नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपणही एकांगी होऊ. आजींच्या माहेरच्या लोकांना लेणी ठाऊक होती, त्या रानात भिल्लांची वस्ती होती, गुरे चारणारे जात होते. पण ती कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सातव्या शतकात ह्युएनत्संगने महाराष्ट्रातल्या डोंगरातल्या एका संघारामाचे वर्णन केले, दाराशी दगडी हत्ती असलेल्या. अभ्यासक तो अजिंठाच मानतात. त्यानंतर भिक्खूसंघ विखुरला, विहार ओस पडले आणि लोकांनी आपापल्या समजुतीने नावे दिली. नाशिकच्या बुद्धलेण्यांना लोक पांडवलेणी म्हणू लागले ते असेच. जागा राहिली, ओळख गेली. ती ओळख परत देणारा माणूस मला स्मिथपेक्षा फार मोठा वाटतो. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. १८३७ साली त्याने ब्राह्मी लिपी लावली. तिथून पुढे भिंती बोलू लागल्या. त्याला मान द्यायला मला कमीपणा वाटत नाही. तो वाघ मारायला आला नव्हता, अक्षरांवर डोळे फोडत बसला होता.

इथे इतका वेळ गप्प असलेला नातू एकदम म्हणाला, "काका, दहाव्या लेण्यावर आणखी एक नाव आहे."

"कोणाचं?"

"वासिठीपुत कटहादि. कमानीच्या बाजूला कोरलंय. आम्हाला वर्गात शिकवलं. 'घरमुख दान' असं आहे. म्हणजे लेण्याचं दर्शनी तोंड त्यानं दान दिलं."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. अरे बाबा, हे असताना तू चीनच्या भिक्खूला अमेरिकेत कशाला धाडत होतास!

दहावे लेणे अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचे. म्हणजे एकाच लेण्यावर दोन नावे. एक दार देणाऱ्याचे, दोन हजार वर्षांपूर्वीचे. दुसरे दारातून आत शिरणाऱ्याचे. स्मिथ आत गेला तेव्हा पहिले नाव दारातच होते, पण ते वाचू शकणारा माणूस त्या दिवशी जगात नव्हता. प्रिन्सेपला अजून अठरा वर्षे अवकाश होता.

नातवाला आता जोर चढला. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे त्याने सांगितले. तिथे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे, वेणुवासाचा मुलगा, त्याने दार केले. सुतार! अण्णा ड्रायव्हर पुढे सरकून ऐकू लागले. त्यांचे थोरले भाऊ नाना पेठेत सुतारकाम करीत, असे ते म्हणाले. तिथेच एक गंधी, अत्तरे विकणारा सिंहदत्त, त्याचेही नाव दारावर आहे. राजेलोक होतेच, पण त्यांच्या शेजारी सुतार आणि गंधी आपापल्या नावाने उभे आहेत. आणि कार्ल्याचा 'शोध' कोणी लावला असे गाईड विचारत नाही, हे लक्षात घ्या. कारण चैत्याच्या दाराशीच एकवीरेचे देऊळ, कोळी-आगरी लोकांची चैत्रातली यात्रा. गर्दीतल्या जागेचा शोध लावायला तोंड कुठून आणणार?

२०१९ साली याच स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात पाण्याचे जुने भुयार लागले होते, तेव्हा काय गाजावाजा झाला! 'भुयाराचा शोध' म्हणून बातम्या. ते ज्या बेलदार-गवंड्यांनी घडवले, त्यांना ते नक्कीच ठाऊक होते. पण त्यांना कोण विचारतो.

"ते सगळं खरं," नात कळवळून म्हणाली, "पण पेपरात आलं तर मी लिहू काय? जॉन स्मिथ नाही लिहिलं तर मार्क जाईल. माझा एका मार्कानं मागच्या वेळी नंबर हुकलाय."

हा प्रश्न खरा. तिच्या घरात नोकरी लागणारी ती पहिलीच असेल. मी तिला उपदेश करून मार्क घालवू का? म्हटले, "स्मिथ लिही बाळ, बिनधास्त लिही. पर्यायात आजीचं उत्तर नसणार."

"आणि साहेब झालीस की प्रश्न बदल," अण्णा म्हणाले.

"कसा बदलू?"

यावर आमचे चौघांचे चार मुद्दे झाले. अण्णा म्हणाले, 'इंग्रजांनी अजिंठा लेणी प्रथम केव्हा पाहिली' असे विचारावे. मला ते बरे वाटले, त्यात खोटे काही नाही. नातू म्हणाला, दार कोणी दिले ते विचारावे. आजी पान तोंडात ठेवून म्हणाल्या, "त्या पोराचं इचारा. वाट दावणाऱ्याचं."

"त्याचं नाव कुठं आहे आजी?"

"नसंल. इचारायला काय जातं?"

साताऱ्याची गाडी लागली. नातू खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावला. नात गाईड मिटायच्या आधी समासात पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. डोकावून पाहिले. जॉन स्मिथच्या खाली तिने लिहिले होते, 'वासिठीपुत कटहादि, दार', आणि मला विचारत होती, "काका, वासिठीतला ठी दीर्घ ना?"