थाळनेरच्या तीनशेंचं काय?

‘इतिहासातल्या गमतीजमती’ या प्रकाराची मला चीड आहे. जगातलं सर्वांत छोटं युद्ध कोणतं, ते जळगावचं कॉलेजातलं पोरगं झोपेतही सांगेल: १८९६, झांझिबार, ३८ मिनिटं. त्या मिनिटांत ब्रिटिश तोफांनी तिथली सुमारे ५०० माणसं मारली किंवा जायबंदी केली, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गंमत करायची तर मुडदे आधी बाजूला सारावे लागतात.

आणि आपल्या दारातलं? शिरपूर तालुक्यात, तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल थॉमस हिस्लॉपची इंग्रज फौज त्याच्यासमोर आली. जानेवारीतल्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना सोडला होता. तेव्हा किल्ला लढवणारा किल्लेदार बंडखोर, हा हिस्लॉपचा दावा. तोफा डागल्या गेल्या. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आतल्या दरवाजाशी शिबंदीतल्या अरबांशी बोलणी चालू असताना एकमेकांची भाषा कळेना, झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग इंग्रजांनी सुमारे ३०० जणांची शिबंदी कापून काढली. आणि ज्या वेळी ही झटापट झाली त्या वेळी आपल्याच कैदेत असलेल्या किल्लेदाराला हिस्लॉपने फासावर लटकवलं! हा खून आहे. दुसरा शब्द मी वापरणार नाही.

खुद्द लंडनलाही तो पचला नाही. १८१९ मध्ये पार्लमेंटने या मोहिमेबद्दल फौजेचे आभार मानले, पण थाळनेरच्या फाशीला ते लागू नाहीत असं स्पष्ट करून. जेत्यांच्या सभागृहात ज्यावर वाद झाला, त्याबद्दल धुळे-जळगावच्या किती वर्गांत एक तास तरी बोललं जातं?

इतिहास शिकवणाऱ्यांना माझं थेट सांगणं आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे याच धुळ्यात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून इथं उभं आहे. कागदाची किंमत खान्देशाला कुणी नव्याने शिकवायला नको. मी वाचलेल्या इंग्रजी हकिकतींत दोन्ही अधिकाऱ्यांची नावं आहेत, शिबंदीतल्या एकाचंही नाही. प्रश्नमंजूषा बंद करा आणि ती नावं शोधायला पोरांना दप्तरांत बसवा.