चार आठवड्यांसाठी आयेल्ट्स?

फेब्रुवारी लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातल्या आपल्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या ऑफिसांत समर स्कूलवाल्यांची ये-जा सुरू होते. कुणाला चार आठवडे लंडन, कुणाला एक सेमिस्टर कॅनडा. आणि आपण फाइल उघडायच्या आधी आयेल्ट्सच्या बॅचचं वेळापत्रक पुढे सरकवतो.

मीही सरकवलं आहे. बदलापूरच्या एका मुलीला महिन्याभराच्या कोर्ससाठी परीक्षेला बसवलं. फीचे हजारो रुपये वडिलांनी पतपेढीतून उचल घेऊन भरले. बँड उत्तम आले. मग विद्यापीठाचं पत्र नीट वाचलं, तर तळाशी एक ओळ: पदवी इंग्रजी माध्यमातून असल्यास कॉलेजचा दाखला चालेल. तो दाखला कॉलेजच्या खिडकीवर दोन दिवसांत मिळाला असता. वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

व्हिसाची अट वेगळी, प्रवेशाची वेगळी. घोळ इथेच होतो. ब्रिटनमध्ये ६ महिन्यांपर्यंतचा अभ्यास स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर होतो आणि त्या व्हिसाला इंग्रजीची परीक्षा लागत नाही. नुसतं इंग्रजी शिकायला ६ ते ११ महिने जाणाऱ्यांचा शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसाही परीक्षेवाचून मिळतो. भाषा शिकायला निघालेल्याची भाषा तपासणार तरी काय! कॅनडात ६ महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट नको, पण आपल्या पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा हवाच. ‘परमिट नाही म्हणजे काहीच नाही’ असं सांगून मोकळे होणारे आपल्यात आहेत. अमेरिकेत क्रेडिट मिळणारा कोर्स चार आठवड्यांचा असला तरी बी-२ व्हिसावर करता येत नाही.

राहिली विद्यापीठाची अट. ती ज्याची त्याची. एक्स्चेंजला जाणाऱ्याच्या बाबतीत दोन विद्यापीठांच्या करारात काय लिहिलंय ते आधी पाहावं. काही ठिकाणी घरी बसून देता येणारी ड्युओलिंगोची परीक्षा चालते. स्वस्त आहे खरी, पण बदलापूरच्या वन-रूम-किचनमध्ये तासभर एकट्याने, दार लावून, आवाजाशिवाय बसायचं. मधेच कुणी आत आलं की निकाल धोक्यात. त्यात वीज गेली तर संपलंच. अशा मुलांसाठी मी ऑफिसची मागची खोली रिकामी करून देतो.

आमच्या चौकशीच्या फॉर्मवर पहिला प्रश्न असायचा, ‘आयेल्ट्स दिली आहे का?’ या महिन्यापासून तिथे छापलंय: ‘कोर्स किती आठवड्यांचा? क्रेडिट मिळणार का? विद्यापीठाचं पत्र सोबत आणलंय का?’