सशाचे घर

पर्युषणातील प्रवचनांत मेघकुमाराचे चरित्र निघाले की सभेतील लहान मुलेही सावरून बसतात. श्रेणिक राजाचा हा पुत्र पूर्वभवी मेरुप्रभ नावाचा हत्ती होता. वनात वणवा पेटला आणि सर्व प्राणी त्याने गवत उपटून मोकळ्या केलेल्या मंडलात येऊन दाटले. अंग खाजविण्यासाठी त्याने पाय उचलला, तेवढ्या जागेत एक ससा येऊन बसला. वणवा विझेपर्यंत अडीच दिवस हत्तीने तो पाय खाली टेकविला नाही. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील पहिल्या अध्ययनाचे ‘उत्क्षिप्त’ हे नाव या उचललेल्या पायावरूनच आले आहे.

ही कथा ऐकताना मी हत्तीचा विचार पुष्कळ केला. सशाचा कधी केला नाही. तो करण्याची पाळी १९८२ साली आली.

मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो आणि नेमणूक एका दुष्काळी तालुक्यात होती. पीककर्जाच्या पाहणीसाठी एका वृद्ध शेतकऱ्यासोबत माळावरून जात असता गवतात सशाचे पिल्लू दिसले. मुठीएवढे, अंगावर दाट लव, डोळे उघडे. अगदी जवळ गेलो तरी हलेना. आई मेली असावी असा तर्क करून मी ते रुमालात घेतले. “साहेब, राहू द्या तिथंच,” एवढेच ते काका म्हणाले. खोलीवर आणून कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नवकार म्हटला, आणि आपण जीवदयेत कसूर केली नाही अशी मनाची समजूत घातली.

ती समजूत किती चुकीची होती, हे पुढे वाचनातून कळले. पिंजऱ्यातला पांढरा ससा आणि आपल्या माळावरचा तपकिरी ससा यांना मराठीत नाव एकच असले, तरी त्या भिन्न जाती आहेत. पांढऱ्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते बिळात राहतात आणि त्यांची पिल्ले उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर त्यात दबून बसतो आणि चरायला रात्री निघतो. आपल्या भागात त्याच्या मानेमागे काळा पट्टा असतो, हीच त्याची खूण. रानसशांची पिल्ले लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. आपल्या वासाने कोल्ह्याला पिल्लांचा माग लागू नये म्हणून आई दिवसभर दूर राहते आणि तिन्हीसांजेनंतर थोडा वेळ येऊन दूध पाजते. तोवर निश्चल पडून राहणे हेच पिल्लाचे संरक्षण. मी उचललेले पिल्लू बहुधा अनाथ नव्हतेच. त्या संध्याकाळी त्याची आई त्या खळग्यापाशी आली असेल. काकांना हे सारे ठाऊक असावे. मी मात्र एम.कॉम. होतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत वन्य प्राणी पकडणे हेही शिकारीतच मोडते, हे वाचले तेव्हा त्या रात्री जेवण गेले नाही.

मेरुप्रभाने सशाला उचलून घेतले नव्हते. त्याने फक्त जागा दिली होती.

जागेचा हा प्रश्न आपल्या समाजाच्या व्यवहाराशी थेट निगडित आहे. माळरानाला आपण पडीक म्हणतो. माझ्या कित्येक पाहणी-अहवालांत मीच ‘जमीन पडीक, उत्पन्न शून्य’ असा शेरा मारला आहे. प्रत्यक्षात त्या गवतावर ससा जगतो. सशावर लांडगा, कोल्हा, गरुड, घुबड. शहराबाहेरचे असे माळ आता गुंतवणूक म्हणून विकत घेतले जातात, आणि घेणाऱ्यांत आपली घरे कमी नाहीत. जमीन ‘साफ’ दिसावी म्हणून राखणदार फाल्गुन-चैत्रात गवताला काडी लावतो. मोठा ससा पळून वाचतो. पिल्लू, त्याला जे येते तेच करते, दबून बसते. हिशेबाच्या वहीत ही हिंसा कोणाच्याच नावे पडत नाही.

आम्हा भावांचीही अशी दोन एकर जमीन आहे आणि तिथेही वर्षानुवर्षे काडी लागत होती, हे मान्य केले पाहिजे. गेल्या वर्षी राखणदाराला रोजंदारी देऊन केवळ बांधाकडेने रुंद पट्टा विळ्याने कापून घेतला, बाहेरची आग आत येऊ नये म्हणून. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, तसाच हा प्रकार. मेरुप्रभाचे मंडलही याच कामासाठी होते. आतले गवत तसेच ठेवले. धाकट्या बंधूंना हा खर्च व्यर्थ वाटतो आणि जमिनीला भाव येईल तेव्हा ती विकावी लागेल, हेही खरे. परवा माघात गेलो, तर कापलेल्या पट्ट्यावर गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या दिसल्या. राखणदार म्हणाला, सशाच्या आहेत. आत गवतात मात्र आम्ही गेलो नाही.