समान पगार, असमान मोल

२०२५ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी, मध्यरात्रीच्या सुमारास, अमेरिकेच्या क्रीडाजगतात एक बातमी पसरली, तेव्हा ती देणाऱ्या पत्रकाराच्या नावाने कोणीतरी खोडसाळपणा केला असावा, असाच अनेकांचा समज झाला. डॅलस मॅव्हरिक्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने आपला पंचवीस वर्षांचा अव्वल खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्स या संघाला देऊन टाकला होता आणि त्याच्या बदल्यात एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस स्वीकारला होता. अवघ्या आठ महिन्यांपूर्वी, जून २०२४ मध्ये, याच डॉन्चिचच्या बळावर डॅलसने अंतिम लढतीपर्यंत मजल मारली होती. बातमी खरी ठरली, तेव्हा डॅलसच्या क्रीडागृहाबाहेर चाहते जमले आणि त्यांनी चक्क एक शवपेटी आणून ठेवली.

चाहत्यांचा शोक समजण्यासारखा होता. परंतु शोक हे मोजमाप नव्हे. या व्यवहारावर त्यानंतर जे लिहिले व बोलले गेले, त्यात संतापाचा भाग मोठा आणि हिशेबाचा भाग थोडा होता. वास्तविक प्रश्न असा आहे की, हा प्रस्ताव टेबलावर आला त्या वेळी, पुढे काय घडणार हे कोणालाच ठाऊक नसताना, तो कोणत्या तराजूत तोलायला हवा होता? हा प्रश्न केवळ डॅलसपुरता नाही. तीस संघांच्या या स्पर्धेत असे प्रस्ताव दर हंगामात येतात आणि त्यांतील पुष्कळसे एकाच चुकीच्या मापाने मोजले जातात.

व्यवहाराचा तपशील असा होता. डॅलसने डॉन्चिचबरोबर माक्सी क्लेबर व मार्कीफ मॉरिस हे दोन खेळाडू दिले. त्यांना डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी हा तरुण खेळाडू आणि २०२९ सालचा लेकर्सचा पहिल्या फेरीतील निवडीचा हक्क मिळाला. यूटा जॅझ हा तिसरा संघ हिशेब जुळवण्यापुरता त्यात होता. निवडीचा हक्क ही गोष्ट येथे समजून घेणे आवश्यक आहे. दर उन्हाळ्यात नव्या दमाच्या खेळाडूंमधून संघ आळीपाळीने निवड करतात आणि पहिली पाळी सोडतीने, पण दुबळ्या संघांना झुकते माप देऊन, ठरते. हा हक्क आगाऊ दुसऱ्या संघास देता येतो. थोडक्यात, तो भविष्यकाळाचा एक तुकडा असतो आणि या बाजारात तो चलनासारखा फिरतो.

डॅलसची बाजू

डॅलसचे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांच्या बाजूने काहीच म्हणण्यासारखे नव्हते, असे मात्र नाही. डॉन्चिच आक्रमणात अद्वितीय होता. २०२३-२४ च्या हंगामात सरासरी ३३.९ गुण मिळवून तो साऱ्या स्पर्धेत पहिला आला होता. पण बचावात तो उणा पडे, त्याच्या वजनाविषयी व व्यायामाविषयी संघात कुरबूर होती, आणि २०२४ च्या नाताळच्या दिवशी पोटरीला दुखापत झाल्यापासून तो मैदानाबाहेर होता. त्यातच २०२५ च्या उन्हाळ्यात तो पाच वर्षांच्या, सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरच्या करारास पात्र ठरणार होता. ज्याच्या प्रकृतीची खात्री नाही अशा माणसावर एवढी रक्कम लावावी काय, ही शंका अप्रामाणिक म्हणता येणार नाही. डेव्हिस हा बचावातील मातब्बर खेळाडू, २०२० च्या विजेत्या लेकर्स संघाचा आधारस्तंभ. आज जिंकायचे असेल तर तोच हवा, असा हा युक्तिवाद होता.

या युक्तिवादाला वरकरणी आणखी एक आधार होता. २०२४-२५ च्या हंगामात डॉन्चिचचा पगार सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर होता, डेव्हिसचाही तेवढाच. कागदावर दोन्ही पारडी समान दिसत होती. नेमकी येथेच गफलत झाली.

नियंत्रित भाव आणि पागडी

या स्पर्धेत पगार खुल्या बाजारात ठरत नाहीत. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा आहे आणि एका खेळाडूला किती द्यावे यालाही कमाल मर्यादा आहे. सेवेच्या वर्षांनुसार ती संघाच्या वेतनमर्यादेच्या साधारणपणे २५ ते ३५ टक्के इतकी असते. शिवाय, खर्चाची मर्यादा ओलांडलेल्या संघांना अदलाबदल करताना जेवढा पगार बाहेर जाईल जवळपास तेवढाच आत घ्यावा लागतो. त्यामुळे दोन्ही बाजूंचे पगार जुळणे हा व्यवहार न्याय्य असल्याचा पुरावा नसतो. तो व्यवहार नियमात बसल्याचा पुरावा असतो.

मुंबईच्या जुन्या चाळींचा व्यवहार ज्यांना परिचित आहे, त्यांना हे सहज उमगेल. भाडेनियंत्रणाखालील दोन खोल्यांचे मासिक भाडे सारखेच असते. पण एक खोली रस्त्यावरची, हवेशीर आणि दुसरी जिन्याखालची, ओल आलेली. भाडे सारखे आहे म्हणून या खोल्यांची बिनशर्त अदलाबदल करावयास कोणी शहाणा गृहस्थ तयार होईल काय? कायद्याने गोठवलेला भाव आणि वस्तूचे खरे मोल यांतील अंतर पागडीच्या रूपाने बाहेर पडतेच. बास्केटबॉलच्या या बाजारात पागडीचे काम निवडीचे हक्क करतात. जो खेळाडू आपल्या पगाराहून कितीतरी अधिक मोलाचा असतो, त्याच्यासाठी पगाराला पगार देऊन भागत नाही. वर भविष्यातील हक्क मोजावे लागतात.

त्या पागडीचे तेव्हाचे दर कोणापासूनही लपलेले नव्हते. खुद्द डेव्हिसला २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडून मिळवताना लेकर्सने तीन तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीतील तीन हक्क दिले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये चौतीस वर्षांच्या केव्हिन ड्युरँटसाठी फिनिक्सने खेळाडूंखेरीज असे चार हक्क दिले. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कने मिकाल ब्रिजेससाठी असे पाच हक्क मोजले. आणि ब्रिजेस हा चांगला खेळाडू असला तरी ताऱ्यांच्या वार्षिक सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नव्हती. डॉन्चिच तर सलग पाच हंगाम स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत गणला गेला होता. त्याच्यासाठी डॅलसने एकच हक्क घेतला, तोही चार वर्षांनी हाती येणारा.

असे का झाले? अर्थशास्त्राचे पहिलेच पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही याचे उत्तर देता येईल. भाव ग्राहकांच्या चढाओढीतून चढतो आणि येथे ग्राहक एकच होता. बोलणी आठवडेच्या आठवडे गुप्तपणे, एकाच संघाशी चालली. इतर संघांकडे खुली विचारणा झालीच नाही. वाच्यता झाली तर गहजब होईल आणि व्यवहार मोडेल, ही भीती त्यामागे होती, हे उघड आहे. परंतु जो निर्णय जाहीर होताच टिकणार नाही असे तो घेणाऱ्यालाच वाटते, त्याचा फेरविचार करण्यास तेवढे एक कारण पुरेसे असते. गुप्ततेची किंमत डॅलसने हक्कांच्या रूपाने चुकती केली.

वयाचा हिशेब

दुसरे माप काळाचे. अव्वल खेळाडूचा उमेदीचा काळ साधारण तिशीच्या आगेमागे संपतो. पंचविशीचा खेळाडू देऊन एकतिशीचा घेणे म्हणजे आजच्या दोन वर्षांसाठी पुढची सात-आठ वर्षे गहाण टाकणे होय. असा सौदा नेहमीच चुकीचा असतो असे नाही. पण आजचे यश जवळजवळ निश्चित असेल तरच तो क्षम्य ठरतो. डेव्हिसच्या दुखापतींचा इतिहास डॉन्चिचहून लांब होता आणि व्यवहाराच्या दिवशी तोही जायबंदीच होता. प्रकृतीची शंका म्हणून एकाला द्यावयाचे आणि तशीच शंका असलेला, शिवाय सहा वर्षांनी थोरला असा दुसरा घ्यावयाचा, ही विसंगती होती.

ब्रुकलिनचे उदाहरण डॅलसच्या डोळ्यांसमोर असावयास हवे होते. २०१३ मध्ये त्या संघाने सदतीस वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि पस्तिशीचा पॉल पियर्स यांच्यासाठी बॉस्टनला आपले अनेक वर्षांचे हक्क देऊन टाकले. त्या हक्कांतून बॉस्टनला पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले. आणि २०२४ च्या अंतिम लढतीत डॅलसला चार विरुद्ध एक असे हरवणारा संघ याच दोघांभोवती उभा होता. ज्यांनी पराभव चाखला, त्यांनी त्याचे मूळ तपासले नाही. १९७५ मध्ये मिलवॉकीने करीम अब्दुल-जब्बार यांना लेकर्सकडे पाठवले, हा दाखला कोणी देईल. पण जब्बार यांनी स्वतःच जाण्याची इच्छा व्यक्त केली होती आणि मिलवॉकीचा नाइलाज होता. डॉन्चिचने तशी मागणी केलेली नव्हती.

निकाल आणि निर्णय

पुढील घटनांनी या वादात गोंधळच वाढवला. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात डेव्हिस जखमी झाला. मार्चमध्ये कायरी अर्विंगचा गुडघा निकामी झाला आणि संघ मुख्य बाद फेरीत पोहोचू शकला नाही. लेकर्सनेही काही दिग्विजय केला नाही. मिनेसोटाकडून पहिल्याच फेरीत ते हरले. मग मे महिन्यात, अवघी १.८ टक्के संधी असताना, डॅलसला सोडतीत पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅगसारखा होतकरू खेळाडू त्यांना मिळाला. झाले ते चांगल्यासाठीच, असे म्हणणारे तेव्हा निघाले. पण घर विकून आलेला माणूस वाटेत लॉटरीचे तिकीट घेतो आणि ते लागते, म्हणून घराचा सौदा शहाणपणाचा ठरत नाही. त्याच न्यायाने, अर्विंगच्या गुडघ्याचा दोषही हॅरिसन यांच्या माथी मारता येणार नाही. निर्णयाची परीक्षा तो घेताना जे ठाऊक होते त्यावरच व्हावयास हवी. आणि त्या परीक्षेतही हा निर्णय उतरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाची सुरुवात वाईट झाल्यावर हॅरिसन यांना पदावरून दूर करण्यात आले. ती शिक्षा निकालाची होती.

ज्याला विचारलेच नाही

या हिशेबात एक माणूस राहून जातो. ज्याची अदलाबदल झाली त्याला कोणी विचारले नव्हते. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने खेळाडूंनी १९७० मध्ये दावा लावला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून करार संपल्यावर हवा तो संघ निवडण्याची वाट खेळाडूंना मोकळी होत गेली. परंतु करार चालू असताना त्यांची रवानगी कोठेही करता येते. ती नाकारण्याचा अधिकार दीर्घ सेवेनंतर मोजक्याच खेळाडूंना करारात मिळतो. भारतातील आयपीएलमध्ये अशा अदलाबदलीस खेळाडूची संमती लागते. तेवढ्यापुरता आपला नियम अधिक सुसंस्कृत म्हणावा लागेल.

या रवानगीने डॉन्चिचची तो साडेचौतीस कोटी डॉलरच्या कराराची पात्रताही संपुष्टात आणली, कारण ती मूळ संघातील सलग सेवेशी निगडित होती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांचा साडेसोळा कोटी डॉलरचा करार केला. कोट्यधीशासाठी कोणी अश्रू ढाळावेत असे नाही. पण तत्त्व लहान नाही. सरकारी नोकरीत विनंतीवरून बदली घेणाऱ्याची ज्येष्ठता जाते आणि प्रशासकीय बदली झालेल्याची राहते, हा भेद आपल्याकडचा कारकूनही जाणतो. येथे बदली मालकाच्या मर्जीने झाली आणि ज्येष्ठता गेली नोकराची. करार मोडण्याचा लाभ एकाला आणि भुर्दंड दुसऱ्याला, अशी ही रचना आहे.

तेव्हा पुढचा असा प्रस्ताव येईल, आणि तो येईलच, त्या वेळी पगार जुळतात काय एवढेच पाहून चालणार नाही. या खेळाडूचे मोल त्याच्या पगाराहून किती अधिक आहे, ते अंतर भरून मिळते काय, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारले काय, हे पाहावे लागेल. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर व्यवहार कितीही नियमात बसो, तो नाकारण्यातच शहाणपण आहे. ९ एप्रिल २०२५ रोजी डॉन्चिच लेकर्सच्या पोशाखात डॅलसच्या मैदानावर परतला. सामन्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि सामन्यात त्याने ४५ गुण केले. प्रेक्षकांनी त्या रात्री ज्याला डोक्यावर घेतले, त्याचे मोल त्यांना पगारपत्रक न पाहताही कळले होते.