काट्यावरची इंग्रजी

काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटली, नाचणाऱ्यांच्या कमरेची घुंगरे शांत झाली आणि सातपुड्यातले पाडे पुन्हा निम्मे रिकामे झाले. सणापुरती आलेली माणसे गुजरातेतल्या उसाच्या फडाकडे परतली. हंगामाचे उरलेले आठवडे उरकून ती पावसाच्या तोंडावर घरी येतील. नेमक्या याच दिवसांत प्रौढांच्या वर्गांचे सत्र संपते. फळा पुसला जातो, हजेरीपट कपाटात जातो आणि कोणाला काय आले याचा हिशेब मांडायची वेळ येते. नंदुरबार जिल्ह्यात हा हिशेब सरळ लागत नाही. इंग्रजीचा तर नाहीच.

खरे म्हणजे इंग्रजी या वर्गांच्या अभ्यासक्रमातच नाही. 2022 पासून सुरू असलेला आणि आता ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. त्याची चाचणी 150 गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण. शिकवणारे स्वयंसेवक असतात, मानधन नसते. पण असा वर्ग घेतलेल्या कोणालाही विचारून पाहा. मराठीची बाराखडी अर्धी होते न होते तोच मागच्या रांगेतून प्रश्न येतो, ‘एबीसीडी कधी?’ नवखा शिक्षक हसून वेळ मारून नेतो. अनुभवी शिक्षक त्या दिवशी खडूने फळ्याचा एक कोपरा आखून घेतो आणि सत्र संपेपर्यंत तो कोपरा पुसत नाही.

हा प्रश्न विचारणारे कोण आहेत? महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली जून 2000 मध्ये. त्या वर्षी पहिलीत बसलेले पोर आज तिशी ओलांडून गेले आहे. त्याआधी इंग्रजी पाचवीला भेटायची, आणि अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरात पाड्यावरची शाळा बहुधा चौथीला संपायची. म्हणजे इंग्रजी ज्या उंबऱ्यावर उभी होती, तिथपर्यंत ही पिढी पोचलीच नाही. ती इंग्रजीत नापास झालेली नाही, तिची इंग्रजीशी गाठच पडलेली नाही. आता नातवाच्या पाटीवर ‘ए’ दिसतो आणि आजी विचारते, हे काय? 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची 82 च्या वर. या आकड्यावरून जिल्ह्याला तळाचा म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. आकडा खोटा नाही, पण शाळा कुठे संपत होती हे तो सांगत नाही.

शिकायचे कशासाठी, हे या माणसांना नेमके ठाऊक असते. ठाऊक नसते ते बहुधा आपल्याला. म्हणून आपण ‘माय नेम इज’पासून सुरुवात करतो, आणि पुढच्या आठवड्यात ‘धिस इज अ कॅट’. पन्नाशीच्या बाईला मांजर दाखवून हे मांजर आहे म्हणून सांगण्याइतका पोरकटपणा दुसरा नाही.

त्यापेक्षा नावाचाच धडा नीट करावा. देशातली पहिली आधार कार्डे याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिली गेली. त्यासाठी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथे आले होते. कार्डावर नाव दोन लिप्यांत असते, आणि पुढे संगणकाच्या कामी येते ते बहुधा रोमन लिपीतले. आता ‘वसावे’ हे आडनाव इंग्रजीत कसे लिहायचे? ‘व’साठी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? ‘पावरा’ तर तीन-चार प्रकारे लिहिलेले सापडते. आधारवर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे, जॉबकार्डावर तिसरे. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तीन, आणि मग पैसे अडकतात. आपले नाव आपल्या कागदांवर एकाच स्पेलिंगने लिहिले आहे की नाही, एवढे ज्याला तपासता आले त्याला आम्ही या सत्रात उत्तीर्ण समजतो. जाता जाता एक गंमतही नोंदवू. अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले जाऊ नये यासाठी ज्यांनी जिद्दीने सही शिकून घेतली, त्यांना आता रेशन दुकानातल्या यंत्रावर पुन्हा अंगठाच टेकवावा लागतो.

दुसरा धडा वजनकाट्याचा. ऊसतोडीची मजुरी टनावर असते. भरलेली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि छापील पावती निघते. त्या पावतीवर बहुतेक ठिकाणी तीन इंग्रजी शब्द असतात, ग्रॉस, टेअर, नेट. समजा, ग्रॉस 17 टन 400 किलो आणि टेअर 6 टन 150. नेट उरला 11 टन 250 किलो, आणि मजुरी त्यावर. पावती बहुधा मुकादमाच्या खिशात राहते. उचल फेडायची असते आणि हिशेब होतो शेवटी, गावी परतताना, तोंडी. वर्गाच्या शेवटच्या दिवसांत कोणीतरी पिशवीतून अशी एखादी चुरगळलेली पावती काढतोच. ज्याला वजाबाकी कधीच अवघड नव्हती, त्याला अडत होते ते हे तीन शब्द. ते कळले की तो पावती मागून घेऊ लागतो. मुकादमालाही हे ठाऊक असते, म्हणून त्याला प्रौढवर्गाचे फारसे कौतुक नसते.

शिकणाऱ्याच्या जगण्यातला शब्द उचलून त्यावर धडा बांधायचा, ही कल्पना नवी नाही. 1963 साली ब्राझीलमधल्या अँजिकोस गावात पाउलो फ्रेरे यांनी सुमारे 300 प्रौढांना 40 तासांत वाचायला-लिहायला शिकवण्याचा प्रयोग केला. शब्द निवडले होते त्यांच्याच कामाधामातले. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचे? पुण्यात 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर राबून आलेली माणसे दिव्याच्या उजेडात बसत. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजीचे स्वागत केले. इंग्रजी ही नोकरीची शिडी आहे म्हणून नव्हे. ज्यांना ज्ञानाची दारे बंद ठेवली होती त्यांच्यासाठी ती एक उघडे दार होती म्हणून. साहेबाची भाषा आणि शूद्रातिशूद्रांची मुक्ती यांचा असा संबंध जोडणे त्या काळात सोपे नव्हते. आजही अनेकांना ते पचत नाही.

तिसरा धडा सगळ्यांत लहान, दोन-दोन अक्षरांचा. सिकलसेल हा शब्द या जिल्ह्यात इंग्रजी राहिलेलाच नाही. तो ताप-खोकल्यासारखा घरोघरी बोलला जातो. तपासणीच्या कागदावर तीनपैकी एक जोडी असते, एए, एएस किंवा एसएस. एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे सोयरीक ठरवताना ‘ए’ आणि ‘एस’ या दोन अक्षरांची ओळख असणे हे पत्रिकेतल्या गुणांपेक्षा मोलाचे आहे. केंद्राने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासण्या होतात, कागद हातात येतात. ते वाचायला आईला दुसऱ्याच्या दारात जावे लागू नये, इतकी इंग्रजी तिला येणे ही चैन म्हणता येणार नाही.

आता थोडे शिकवणाऱ्यांविषयी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी 69 टक्के आहेत. वर्गात बसलेल्यांची घरची भाषा पावरी, भिली, मावची, देहवाली किंवा मग अहिराणी. त्यांच्यासाठी मराठी दुसरी भाषा, हिंदी-गुजराती कामापुरती तिसरी-चौथी, आणि इंग्रजी त्यानंतरची. शिक्षक मात्र असे गृहीत धरतो की मराठी ही पायरी सगळ्यांनी चढलेलीच आहे, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ पुस्तकी मराठीत सांगून मोकळा होतो. वर्ग माना डोलावतो. इंग्रजी शब्द तर कळत नाहीच, त्याचा मराठी अर्थही कळत नाही.

मग उच्चारांची दुरुस्ती सुरू होते. भिलीच्या अनेक रूपांत ‘स’चा ‘ह’ होतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणातही नोंदलेली आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया आणि केळ्याची केयी. मराठीच्या तासाला या ‘य’वरून खानदेशी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हसू सोसले आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याने निर्धास्त बसावे, कारण त्या भाषेत ‘ळ’च नाही! दुसरे असे की मराठीत ‘माझे नाव अमुक’ एवढ्यावर वाक्य भागते, ‘आहे’ गळून पडते. अहिराणी माणूस ‘मनं नाव अमुक शे’ म्हणतो. त्याचा हा ‘शे’ म्हणजेच इंग्रजीचा ‘इज’. प्रमाण मराठी बोलणाऱ्याला तो ‘इज’ घोकावा लागतो, खानदेशी माणसाच्या वाक्यात तो आयताच असतो. शिक्षकाने एवढे दाखवून दिले तरी वर्गाचा चेहरा बदलतो. आपल्या बोलीमुळे आपण मागे पडलो असे ज्याला आयुष्यभर ऐकवले, त्याला प्रथमच कळते की ती कुठेतरी उपयोगीही पडते.

आक्षेप ठाऊक आहे. आधी मराठी तर धड येऊ द्या, मग इंग्रजी. आक्षेप प्रामाणिक आहे, पण भाषा काही मजल्यावर मजला चढवत शिकायच्या नसतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एकदा जाऊन यावे. अर्धे स्थानक महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. राज्याची सीमा तिथल्या बाकड्याच्या मधून जाते आणि गाडीची सूचना मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. तिथे उभे राहून शेंगा विकणारा मनुष्य गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. त्याला कोणी आधी एक भाषा पूर्ण कर म्हणून सांगितलेले नाही. शहादा परिसरातल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांनी भिलोरीत लिहिले, मराठीतही लिहिले. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेचे नाव आहे ‘स्टेज’. आदिवासींची दुःखे दुसऱ्यांनीच व्यासपीठावरून सांगत राहावीत याविषयीची ती कविता, आणि तिचे शीर्षक इंग्रजी शब्द! तो शब्द कोणी त्यांना शिकवून ठरवलेला नव्हता. तो सभेत भेटला, बोचला आणि आपला झाला.

राहता राहिली परीक्षा. साक्षरता चाचणी 2024 मध्ये 17 मार्चला झाली आणि त्या वर्षीची होळी 24 ला. म्हणजे जिल्हाभर होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरायचे दिवस. 2025 मध्ये चाचणी 23 मार्चला, होळीनंतर दहा दिवसांनी, म्हणजे माणसे फडावर परत गेल्यावर. पुण्या-मुंबईत बसून मार्चअखेर ही तारीख सोयीची वाटते. तिथे मार्चला सगळेच संपते, आर्थिक वर्षही. इथल्या माणसाचे वर्ष मात्र पावसाबरोबर सुरू होते आणि दिवाळीनंतर गाडीत चढते. त्याच्या सोयीच्या दिवशी तो गैरहजर नसतो. गैरहजर ठरतो तो आपल्या सोयीच्या दिवशी. ज्या बायका जिल्ह्यातच राहून मिरचीच्या पथारीवर कामाला जातात, त्यांचेही या दिवसांत काम आवरत आलेले नसते. संध्याकाळी वर्गात येतात तेव्हा त्यांच्या बोटांची आग होत असते. त्यांच्या हातात खडू देताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

जिल्हा प्रशासनाला, महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना आणि वर्ग चालवणाऱ्या बचत गटांना आमची एकच विनंती आहे. प्रौढांचे सत्र जूनमध्ये सुरू करा आणि दिवाळीला संपवा. शेवटच्या दिवशी प्रश्नपत्रिका वाटू नका. ज्याने त्याने आपला कागद घेऊन यावे, कोणी पासबुक, कोणी सिकलसेलचा कागद, कोणी गोळ्यांचे पाकीट, कोणी काट्याची पावती. तो वाचता आला की झाले. दिवाळी आटोपली की टोळ्या न्यायला गाड्या पुन्हा पाड्याखालच्या रस्त्यावर उभ्या राहतील. पहिल्या पावसापासून मोजले तर हाताशी जेमतेम पाच महिने आहेत.