‘स्फुट’ या सदराखाली

विद्यापीठीय हस्तलिखित संग्रहातील दैनंदिन कामाकडे मराठीचे विभाग बहुधा ग्रंथालयाचे काम म्हणूनच पाहत आले आहेत. पोथी झाडावी, दाखल क्रमांक घालावा, रुमालात बांधावी, वेखंडाचे तुकडे बदलावेत, एवढ्यावर ते संपते आणि संशोधन त्यानंतर सुरू होते, अशी समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

बाडाचे उदाहरण घ्यावे. सुट्या पानांच्या पोथीत बहुधा एकच ग्रंथ असतो. बाड मात्र शिवलेले, घरात वापरले गेलेले आणि अनेकदा दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी भरत गेलेले. एखाद्या आख्यानामागून पदे, आरत्या, भूपाळ्या, क्वचित लावणी, औषधाची कृती, देण्याघेण्याची टिपणे. काही बालबोधीत, मध्येच काही मोडीत. सूचिकार पहिल्या पानावरील आख्यानाचे नाव नोंदवतो आणि उरलेल्या साऱ्या मजकुरापुढे ‘स्फुट’ असे लिहितो. या एका शब्दाने वाङ्मयेतिहासातील एक निर्णय नकळत होऊन जातो. पुढे त्या पदांचा शोध घेणाऱ्याला सूचीत काही सापडत नाही आणि ‘रचना उपलब्ध नाहीत’ असे विधान प्रबंधात शिरते. रचना असतात, नोंद नसते.

कालनिर्णयाचेही तसेच. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या संहितेचे शुद्धीकरण शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये केले. त्या शकाचा उल्लेख करणाऱ्या ओव्या पुढील नकलांतून तशाच उतरत गेल्या. तो शक नकलेचाच समजणारा सूचिकार अव्वल इंग्रजीतील प्रतीलाही सोळाव्या शतकात नेऊन बसवील. लेखनिकाची स्वतःची समाप्तीची ओळ कोणती, शक आणि संवत्सर यांचा मेळ बसतो की नाही (१५०६ ला तारण संवत्सर येते), कागद हातबनावटीचा की गिरणीचा, हरताळ लावून केलेली दुरुस्ती त्याच हाताची की नंतरची, हे प्रश्न पाठचिकित्सेचे आहेत. मात्र ते प्रथम उपस्थित होतात ते नोंदवहीच्या रकान्यात.

महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या मठांतून शतकानुशतके जपलेल्या होत्याच. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर मात्र संप्रदायाबाहेरील अभ्यासकांना त्या वाचता येऊ लागल्या. जतन आणि वाचन यांतील हे अंतर संगणकानेही आपोआप मिटत नाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले आणि हस्तलिखितांच्या अंकीकरणाला गती आली, हे स्वागतार्हच. तथापि ‘स्फुट’ म्हणून नोंदलेल्या बाडाचे उत्तम छायाचित्र घेतले तरी ते ‘स्फुट’च राहते.

अध्यापकांच्या गुणवत्तेची मोजणी शोधनिबंध आणि ग्रंथ यांच्या संख्येवर चालते. वर्षभर खपून चाळीस बाडे उलगडणाऱ्याच्या पदरी त्या मोजणीत फारसे काही पडत नाही. विद्यार्थ्यांना मोडी येत नाही, ही सबब नेहमी पुढे केली जाते. ती खरी आहे. पण पुष्कळशी बाडे बालबोधीत आहेत आणि तीही अस्पर्शितच आहेत. पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी ज्ञात कादंबरीवर आणखी एक विवेचन स्वीकारणाऱ्या विभागाने एका बाडाची पानवार वर्णनात्मक सूची का स्वीकारू नये? प्रत्येक रचनेचा आरंभ व शेवट, नाममुद्रा, लिपी, हस्ताक्षरातील बदल, आणि मागील पानांवरचे हिशेबसुद्धा. हिशेबातील गावांच्या नावांवरून बाड कोणत्या मुलखात फिरले, हे अनेकदा कळून येते.