नेम हवा की नाव हवे?

दुकानात आलेले गिऱ्हाईक आधी नाव विचारते, मग भाव विचारते आणि माप शेवटी विचारते, किंवा विचारतच नाही. कुलूप असो, शिलाई मशीन असो की सुतारकामाची हत्यारे असोत, आमच्या व्यापारी बांधवांना हा अनुभव रोजचा आहे. पण ज्या मालाचा गुण कागदावर इंचाने मोजता येतो, त्या मालातही लोक नावावरच भुलतात. अमेरिकेतील लहान बोअरच्या राइफलचा बाजार हे याचे उत्तम उदाहरण आहे. आज या पानावर तिचाच विचार करू.

शेताची व कुरणाची नासधूस करणाऱ्या जनावरांना अमेरिकेत 'व्हार्मिंट' म्हणतात. साउथ डकोटाच्या कुरणांतील प्रेअरी डॉग, पेनसिल्व्हेनियाच्या शेतांतील ग्राउंडहॉग, कॅलिफोर्नियात लसूणघास फस्त करणाऱ्या जमिनीवरच्या खारी, ही सारी बिळे करून राहणारी जनावरे. प्रेअरी डॉग मागच्या पायांवर उभा राहिला तरी जेमतेम दीड वीत उंच आणि तीन-चार इंच रुंद. तो शंभर-दोनशे यार्डांवरून टिपायचा तर हत्याराला जोर कमी असला तरी चालतो, नेम मात्र पक्का लागतो. नेम चुकला तर जखमी जनावर बिळात शिरून तडफडत मरते, किंवा गोळी उसळून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे जाते. म्हणून चुकीची राइफल घेण्यात केवळ पैशाचे नुकसान नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

या बाजारातील पहिला मोह वेगाचा. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने पॉइंट २२० स्विफ्ट हे काडतूस बाजारात आणले. ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४१०० फुटांहून अधिक वेगाने जाते, या एका आकड्यावर त्याची कीर्ती झाली. पण एवढी दारू जाळणारे काडतूस भराभर झाडले की नळी तापते आणि आतून लवकर झिजते. नळी झिजली की नेम गेला. उलट १९५० साली रेमिंग्टनने काढलेले पॉइंट २२२ वेगाने कमी होते. तरी टेबलावर राइफल टेकवून नेमाची स्पर्धा करणाऱ्यांनी पुढची बरीच वर्षे तेच पसंत केले. वेग आणि नेम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून उघड होते.

तेव्हा आधी अंतर ठरवावे, मग काडतूस. पन्नास-साठ यार्डांच्या कामाला साधे पॉइंट २२ पुरते आणि ते स्वस्तही आहे. मात्र त्याची संथ, जड गोळी दगडावरून उसळते. सव्वाशे-दीडशे यार्डांपर्यंत २००२ साली आलेले पॉइंट १७ एचएमआर चांगले. त्याची १७ ग्रेनची गोळी आपटताच फुटते, म्हणून उसळण्याचा धोका कमी होतो. पण ती इतकी हलकी आहे की वाऱ्याने सहज सरकते. अडीचशे यार्डांपर्यंत पॉइंट २२३ आणि त्याहून लांब पॉइंट २२-२५०. आमच्या मते बहुतेक शेतकऱ्यांनी पॉइंट २२३ वर थांबावे. ते लष्करी काडतुसाचे भावंड असल्याने गावोगावी मिळते, आणि जो माल जास्त खपतो त्याचा भाव उतरतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट नळीच्या पिळाची. राइफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांनी गोळीला गरका मिळतो आणि ती सरळ जाते. पॉइंट २२-२५० च्या जुन्या नळ्यांत चौदा इंचांत एक पीळ असे, तो ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळीला ठीक. गोळी लांब झाली की पीळ जलद लागतो, नऊ इंचांत किंवा आठ इंचांत एक. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीने शिकार करताना शिशाची गोळी वापरण्यास पूर्ण बंदी आहे. तिथे तांब्याची गोळी घ्यावी लागते. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या पिळाच्या नळीत ती डगमगते. पीळ न विचारता राइफल घेणारा गिऱ्हाईक इथे हमखास फसतो.

तिसरी गोष्ट कारागिरीची, आणि ती आमच्या कारागीर बांधवांनी लक्ष देऊन वाचावी. नेम बिघडतो तो बहुधा बारीक ठिकाणी. नळीच्या तोंडाची कडा एका बाजूने जराशी जरी ठेचली, तरी गोळीमागची वाफ वाकडी सुटते आणि गोळी भरकटते. लाकडी दस्ता दमट हवेत फुगला आणि नळीला टेकला की नेम ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून नळी आणि दस्ता यांच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती अडखळली तर कारण विचारावे. चाप जड किंवा खरखरीत असेल तर तो ओढतानाच नेम हलतो. ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते आणि तिला पैसा पडत नाही.

महाग तेच अचूक, हा समजही खोटा आहे. सॅव्हेज कंपनीने १९५८ साली ११० क्रमांकाची राइफल काढली. तिची नळी एका मोठ्या नटाने आवळून बसवलेली असते. त्यामुळे काडतुसाच्या घराची खोली नेमकी जुळवणे सोपे झाले आणि कारागिराचा घासून बसवण्याचा वेळ वाचला. दिसायला साधी, भावाला कमी, तरी नेमाला चांगली म्हणून ती नावाजली. नक्षीदार दस्त्याला किंमत जरूर असते, पण ती नक्षीची असते.

शेवटची परीक्षा कागदाची. विक्रेता दुकानात तीन भोके एकमेकांना चिकटलेला कागद लावतो आणि म्हणतो, ही पाहा आमची राइफल. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. दहा गोळ्या झाडा, सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर मोजा आणि मग बोला. शंभर यार्डांवर एक इंच भरले तर तीनशे यार्डांवर ते तीन इंच होणार, म्हणजे प्रेअरी डॉगच्या सगळ्या रुंदीएवढे. ही परीक्षाही एकाच काडतुसावर करू नये. एका नळीला एका कारखान्याचे काडतूस मानवते, दुसरे मानवत नाही. दोन-चार प्रकार थोडे थोडे घेऊन पाहावे आणि जे मानवेल तेच पुढे घ्यावे. राइफलीवर सारी रक्कम खर्चून काडतुसे व दुर्बीण यांत काटकसर करणाऱ्याने सौदा उलटा केला, असे आम्ही म्हणू.

आपल्याकडे गोष्ट निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे, आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. कोकणातील शेतकऱ्यांना ही ठासणीची बंदूक चांगली ठाऊक आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून डुकरालाही हात लावता येत नाही. तेव्हा अमेरिकन शेतकऱ्याचे पाहून कोणी राइफलीच्या मागे लागू नये.

परंतु पॉइंट २२ ची राइफल आपल्याकडे नेमबाजीच्या मैदानावर आहेच. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते याच बोअरच्या राइफलीने. त्यानंतर आपल्या मुलाला नेमबाजीला घालावे असे अनेक पालकांना वाटू लागले असेल. त्यांना आमचे सांगणे एवढेच की तिथेही हाच नियम लागू आहे. वरच्या दर्जाचे नेमबाज काडतुसांच्या वेगवेगळ्या घाण्यांतली थोडी थोडी काडतुसे आपल्या नळीत झाडून पाहतात आणि जी घाणी मानवेल तिचाच साठा करतात.

व्यापाऱ्याने मापाची भीती बाळगू नये. जो दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती स्वतःहून फूटपट्टी देतो आणि दहाही भोके मोजायला सांगतो, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुन्हा येते. जो निवडक तीन भोकांचा कागद दाखवितो, त्याच्याकडे ते एकदाच येते. राइफलीबद्दल हे जितके खरे, तितकेच आपल्या दुकानातील प्रत्येक मालाबद्दल खरे आहे.